सिटकॉम, टेपवरचा हशा आणि पाण्याची नोटीस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'मराठीत सिटकॉम का रुजत नाही' (सिटकॉम म्हणजे तीच माणसं, तीच जागा आणि दर भागात नवा पेच असलेली विनोदी मालिका) या माझ्या लेखावर तुम्ही ऐरोलीहून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, सिटकॉम म्हणजे टेपवरचा, आधीच मुद्रित केलेला हशा लावून खपवलेले विनोद. दोन, हा परदेशी प्रकार आहे, तो इथे नाही रुजला तर बिघडलं काय? तीन, 'तारक मेहता' वर्षानुवर्षं रोज चालते, मग रोजच्या भागांमुळे सिटकॉम मरते हे लेखातलं म्हणणं टिकतच नाही. आणि चार, तुमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी २० मिनिटांचं प्रहसन होतं, लोक पोट धरून हसतात, तिथे भाग बांधण्याच्या असल्या गणिताची कधी गरज पडलेली नाही.

आधी माझी चूक. मराठीत एकही धड सिटकॉम झाली नाही, असं वाक्य त्या लेखात होतं. तुम्ही २००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'ची आठवण करून दिलीत, ती अगदी रास्त आहे. तीन पिढ्यांचं एक घर, त्या घरातला एखादा साधा पेच, आणि भाग संपेपर्यंत तो पेच मिटलेला. ही सिटकॉमच आहे. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. पण ती मालिका आठवड्यातून एकदा यायची, एवढं लक्षात ठेवा, पुढे त्याकडे परत यायचं आहे.

आता टेपवरचा हशा. हा आक्षेप बरेच जण घेतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. १९५१ साली अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' सुरू झाली, तिचा हशा टेपवरचा नव्हता. समोर खरे प्रेक्षक बसवून, तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवून ती चित्रित व्हायची. एरवी फिल्मवर एकच कॅमेरा असतो आणि दर शॉटला प्रकाशयोजना बदलतात. तीन कॅमेरे तीन कोनांतून एकदम पाहत असतील तर तसं करता येत नाही. एकासाठी लावलेला दिवा दुसऱ्याच्या चौकटीत सावली पाडतो. कार्ल फ्रॉइंड या छायालेखकाने दिवे वर चढवून सगळीकडे सारखा, सपाट उजेड पाडला. सिटकॉमचं घर आजही इतकं लख्ख का दिसतं, याचं उत्तर तिथे आहे. आणि नट थांबायचे ते समोरच्या खऱ्या हशासाठी.

टेपवरचा हशा हे वेगळं प्रकरण. चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने त्याचं यंत्र बनवलं. दोन फुटांहून उंच पेटी, टाइपरायटरसारखी बटणं, हशा किती वेळ चालू ठेवायचा हे ठरवायला पायाखाली पेडल. आत ३२ टेपा, प्रत्येकीवर १०, म्हणजे ३२० हशे. खुसखुस वेगळी, खो-खो वेगळं. पेटीला कुलूप असायचं, दुसऱ्या कुणाला आत बघायला मिळायचं नाही. प्रेक्षकांविना चित्रित झालेल्या मालिकांना अमेरिकेत ही पेटी सर्रास वापरली गेली. युद्धभूमीवरच्या रुग्णालयात घडणाऱ्या 'मॅश'लाही वाहिनीने हशा लावायला लावला, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तो ठेवत नसत. ब्रिटनमध्ये बीबीसीने तीच मालिका हशाशिवाय दाखवली. जमल्यास दोन्ही रूपं लागोपाठ पाहा. हशा काढला की वाक्यांमध्ये छोट्या रिकाम्या जागा उरतात आणि प्रसंग एकदम उदास वाटू लागतो. म्हणजे हशा विनोदाला झाकतो एवढंच खरं नाही, तो त्या लिखाणाच्या तालाचा भाग झालेला असतो.

हा ताल तुम्हाला नवा नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात शनिवारच्या रात्रीच्या प्रयोगाला बसा आणि मुरलेल्या विनोदी नटाकडे नीट पाहा. लाफ्टर आला की तो पुढचं वाक्य तोंडात धरून ठेवतो. हशा वर चढताना बोलला तर वाक्य वाया जातं, पुरता विरल्यावर बोलला तर प्रसंग बसतो. हशा उतरणीला लागला, अजून संपलेला नाही, नेमका तिथे तो बोलतो. प्रेक्षकांसमोर सिटकॉम करणारा नट हेच करतो. 'हॅपी डेज' १९७४ साली एका कॅमेऱ्यावर, टेपच्या हशासह सुरू झाली आणि तिसऱ्या पर्वापासून प्रेक्षकांसमोर चित्रित होऊ लागली. दोन्हीकडचे भाग लावून पाहिलेत तर नटांच्या बोलण्याचा वेगच बदललेला कळतो. पुढे २००१ च्या ब्रिटिश 'द ऑफिस'ने हशा पूर्ण काढला, पण ती जागा मोकळी सोडली नाही. बॉस काहीतरी भयंकर बोलतो, कर्मचारी कॅमेऱ्याकडे एक नजर टाकतो, आणि हशाचं काम ती नजर करते.

यातूनच तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं निम्मं उत्तर मिळतं. तीन भिंतींचा दिवाणखाना, मध्ये सोफा, एक दार बाहेरचं, एक स्वयंपाकघराचं, चौथ्या भिंतीच्या जागी आपण. हा सेट परदेशी म्हणायचा तर मराठी व्यावसायिक रंगभूमीवरचा अर्धा संसार परदेशी ठरेल. नाटककार बबन प्रभूंचे फार्स ज्या दारांवर चालत त्याच दारांवर सिटकॉम चालते. दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिमणराव-गुंड्याभाऊ आले तेव्हा कुणाला ते उपरे वाटले नाहीत. चीनमध्ये १९९३-९४ साली बीजिंगमधल्या एका कुटुंबावर प्रेक्षकांसमोर चित्रित केलेली १२० भागांची मालिका झाली, तीही तिथल्या घरातलीच वाटली.

आणि मेक्सिकोची 'एल चावो देल ओचो' पाहाल तर चाळच आठवेल. मधलं अंगण, भोवती खोल्या, अंगणात एक पिंप, त्यात लपणारा आठ वर्षांचा अनाथ पोरगा. हे काम करणारे रोबेर्तो गोमेझ बोलान्योस तेव्हा चाळिशीत होते. तिथल्या डॉन रामोनचं १४ महिन्यांचं भाडं थकलेलं आहे. मालक भाडं मागायला येतो, पोराकडून हमखास काहीतरी लागून घेतो, आणि रामोन सटकतो. वर्षं जातात, पण थकबाकी १४ महिन्यांचीच राहते. सिटकॉम समजून घ्यायला याहून चांगला आकडा मला माहीत नाही. भाडं फिटलं तर मालक येणार नाही आणि वाढत गेलं तर रामोन रस्त्यावर येईल. दोन्हीकडे मालिका संपते. परिस्थिती आहे तिथे रुतलेली हवी, माणूस रोज त्यातून निसटायची नवी खटपट करणारा हवा.

ही खटपट बांधायची कशी, ते ठाण्यातलंच उदाहरण घेऊन दाखवतो. नौपाड्यातली जुनी चार मजली इमारत. सेक्रेटरीचा एकच स्वभाव पक्का धरायचा: चूक कबूल करणं त्याला जमत नाही. २२ मिनिटांचा भाग आहे. पहिल्या दोन मिनिटांत तो फळ्यावर नोटीस लावतो: रविवारी पाणी बंद. त्याच प्रसंगात त्याच्या कमरेला गच्चीची किल्ली दिसायला हवी, आणि रविवारी व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार आहेत हे बायकोच्या तोंडून सहज निघायला हवं. पाणी खरं तर शुक्रवारी जाणार असतं, याने तारीख चुकीची वाचलेली असते. शुक्रवारी नळ कोरडे पडतात, लोक जिन्यात जमतात. इथे साधा माणूस 'चुकलं' म्हणेल. हा म्हणतो, 'हा वेगळा शटडाऊन, रविवारचा वेगळाच.' साधारण अकराव्या मिनिटाला, जाहिरातींच्या तोंडावर, आपल्याला कळतं की आता रविवारी पाणी बंद करण्याचं काम यालाच करावं लागणार. तो गच्चीवर जाऊन स्वतः टाकीचा व्हॉल्व्ह फिरवतो.

दुसरी गोष्ट बाजूने चालवायची. पहिल्या मजल्यावरचे आजोबा नोटीस वाचून घरातलं प्रत्येक भांडं भरतात. पिंपं, कळशा, कुकर, नातवाची शाळेची बाटलीसुद्धा. सून वैतागलेली. याच आजोबांच्या कुंड्यांचं पाणी खाली ठिबकतं म्हणून सेक्रेटरीने गेल्या महिन्यात त्यांना दंड लावलेला आहे. अठराव्या मिनिटाला दोन्ही गोष्टी एकमेकींना भिडतात. व्याही बेसिनपाशी उभे आहेत, दोन्ही हातांना साबण, नळ कोरडा. व्हॉल्व्ह उघडायचा तर गच्चीवर पापड राखत आजोबांची सून बसलेली. साऱ्या इमारतीत पाणी फक्त आजोबांकडे. ते एक बादली द्यायला तयार आहेत, पण रविवारची नोटीस चुकली होती असं फळ्यावर लिहून द्यायचं. सेक्रेटरी कबूल होतो, बादली नेतो. शेवटच्या मिनिटात फळ्यावर नवी नोटीस: 'व्हॉल्व्हची चाचणी यशस्वी. सहकार्याबद्दल आभार.' खाली तारीख, पुन्हा चुकीची.

हे बिघडतं कुठे? शुक्रवारी पाइप योगायोगाने फुटला असं दाखवलं की सेक्रेटरीची चूकच उरत नाही आणि त्याचा स्वभाव बिनकामाचा ठरतो. योगायोगाने संकट आलं तर चालतं, संकटातून सुटका योगायोगाने झाली की प्रेक्षक नाराज होतो. वॉचमनच्या बोलीवर चार विनोद घातले तर हशा मिळेल, पण गोष्ट तेवढा वेळ उभी राहते. आणि शेवटी सेक्रेटरीने सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली तर पुढच्या आठवड्यात लिहायला काही उरत नाही. आपल्याकडे हा तिसरा घोटाळा फार होतो. माणूस सुधारल्याशिवाय भाग संपवायची भीती वाटते.

आता तिसरा आक्षेप, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. वरच्या भागात शेवट आधी सुचतो आणि मग मागे जाऊन किल्ली, व्याही, कुंड्या पेरायच्या असतात. अमेरिकेत प्रेक्षकांसमोरच्या मालिकेला त्यासाठी पाच दिवस मिळतात. पहिल्या दिवशी सगळे नट टेबलाभोवती बसून संहिता मोठ्याने वाचतात, जिथे कुणी हसलं नाही तो भाग लेखक त्याच रात्री बदलतात. मग तालमी, चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या जागा, पाचव्या दिवशी प्रेक्षक. प्रत्येक प्रसंग बहुधा दोनदा करतात, आणि पहिल्यांदा पडलेलं वाक्य दुसऱ्या वेळेआधी तिथल्या तिथे बदलतात. असे वर्षाला २२-२४ भाग, हा बरीच वर्षं तिथला रिवाज होता. ब्रिटनमध्ये तर पर्व बहुधा सहा भागांचं. 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे १२ भाग आहेत.

रोजच्या मालिकेला २२-२४ भाग पाचेक आठवड्यांत संपतात. घोडबंदर रोडवरच्या चित्रीकरणाच्या बंगल्यात १२ तासांच्या शिफ्टमध्ये एक भाग उरकायचा असतो, प्रसंग सकाळी हातात पडतात. बुधवारी लेखकाला छान शेवट सुचला तरी किल्ली दाखवायची होती तो सोमवारचा प्रसंग प्रक्षेपित होऊन गेलेला असतो. मग राहते ती तोंडी टोलेबाजी आणि एकाच प्रतिक्रियेवर तीन वेळा 'ढॅण'. यात लेखक कमी पडतात असं मी म्हणत नाही. मागे जायची वाटच त्यांना ठेवलेली नसते. 'टिपरे' आठवड्यातून एकदाच यायची, हे लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

'तारक मेहता' जुलै २००८ पासून चालली ती वेगळी वाट धरून. तिथे एक पेच कित्येक भाग पुरवतात आणि गोकुळधामची माणसं बघायला प्रेक्षक येतात. ते मोठंच यश आहे, फक्त बांधणी निराळी. मात्र तुमच्या मुद्द्यापुढे मला एक पाऊल मागे यायला हवं. कोरियात 'अनस्टॉपेबल हाय किक' नोव्हेंबर २००६ ते जुलै २००७ अशी आठवड्याला पाच भागांनी चालली, १६७ भाग झाले, आणि ती सिटकॉमच होती. तेव्हा रोजच्या भागांत सिटकॉम अशक्य, हे विधान मी जास्त ताणलं होतं. आधी लिहून हातात ठेवलेले भाग नसतील तर अशक्य, एवढंच आता म्हणतो.

राहिलं तुमचं गणपतीतलं प्रहसन. लोक हसतात कारण मंचावरच्या माणसाला ते ओळखतात. जोशीकाका साडी नेसून आले की अर्धं काम झालेलं असतं. ते ठेवाच. यंदा एवढंच करून पाहा. पात्रं सहाच्या वर नेऊ नका, जागा एकच ठेवा, काळोख करून प्रसंग बदलू नका, कारण मंडपात काळोख झाला की मुलं आरडाओरडा करतात आणि हशा पुन्हा शून्यातून उभा करावा लागतो. शेवटची नोटीस आधी लिहा, मग तिला लागणारी प्रत्येक वस्तू पहिल्या तीन मिनिटांत आणा. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. २० मिनिटं मिळणार असतील तर वाचन १६ मिनिटांत संपलं पाहिजे, उरलेली चार हशाची. आणि मंडपातला माइक एकच, मध्यभागी असेल, तर ज्याच्या वाक्यावर हशा अपेक्षित आहे त्याला तिथे उभा करा. ते वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही तर पुढचे हसतील आणि मागचे 'काय म्हणाला?' विचारत बसतील, तेवढ्यात पुढचं वाक्यही निघून जाईल.