सॅन स्टॉर्ममध्ये दुसरे इंजिन बसवण्यास नकार का दिला : ग्राहकाच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतील वर्कशॉपला एक तारा देऊन आपण लिहिले आहे की, इंजिन बदलून देण्याची जाहिरात करणाऱ्या आम्ही आपल्या सॅन स्टॉर्ममध्ये रेनो डस्टरचे १.६ लिटर इंजिन बसवण्यास नकार दिला, आपण नंतर मागितलेले मारुती एस्टीमचे इंजिनही नाकारले, काहीच काम न करता तपासणीचे पैसे घेतले आणि वर जुन्याच ६० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिनाची दुरुस्ती आपल्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. दोन्ही नकार आम्हीच दिले. त्यांची कारणे आपणांस समक्ष सांगितली होती. आपले लेखन इतर स्टॉर्ममालकही वाचणार असल्याने ती येथे सविस्तर देत आहोत.

गोव्यात तयार झालेल्या या दोन आसनी गाडीला रेनोचे १,१४९ सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे डी७एफ इंजिन आहे. युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांमध्येही ते वापरले गेले, म्हणून रिंगा, गॅस्केट, टायमिंग बेल्ट हे भाग तिकडून मागवता येतात. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही. तिच्याखालची लोखंडी फ्रेम मात्र गोव्याच्या पावसात गंजते आणि वरून काहीच दिसत नाही. आपल्या गाडीच्या फ्रेमला इंजिनच्या माउंटिंगपाशी गंज धरला आहे, तो आम्ही आपणांस गाडी लिफ्टवर घेऊन दाखवला होता. अशा जागी आहे त्याहून जड इंजिन टांगणे आम्हांला मान्य नाही, मग त्यासाठी कोणी कितीही रक्कम देवो.

डस्टरचे १,५९८ सीसीचे इंजिन १०४ पीएस ताकद देते आणि ते रेनोचेच असल्यामुळे 'सहज बसेल' असे आपणांस कोणीतरी सांगितले. कंपनी एक असली तरी इंजिनाचे घराणे वेगळे आहे. त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, डस्टरच्या किल्लीशी आणि इमोबिलायझरशी (चोरीविरोधी यंत्रणेशी) जोडलेला असतो, त्यामुळे नुसते इंजिन आणून भागत नाही. त्याचे वायरिंगही सोबत आणावे लागते आणि ते स्टॉर्मच्या साध्या वायरिंगशी जुळवावे लागते. शिवाय ६० पीएससाठी केलेल्या ब्रेकांवर १०४ पीएसची गाडी चोर्ला घाट उतरवायची, तर आधी ब्रेक बदलावे लागतील. आपल्या मागणीत ब्रेकांचा उल्लेखही नव्हता.

एस्टीमचे इंजिन ही खरोखरच विचारात घेण्याजोगी निवड होती. १,२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, ८५ पीएस. हेच जी१३बीबी इंजिन जिप्सीलाही होते, त्यामुळे त्याचे भाग मिळतात आणि बेळगाव-कोल्हापूरकडच्या मेस्त्रींचा त्यावर हात बसलेला आहे. जिप्सीत ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, तर स्टॉर्मला आडवे इंजिन लागते. म्हणून घ्यायचे तर एस्टीमचे किंवा पहिल्या पिढीच्या १.३ पेट्रोल स्विफ्टचे, गिअरबॉक्ससकट घ्यावे. खरे काम तेथून पुढे सुरू होते. गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट मारुतीचा आणि चाकाच्या बाजूचा स्टॉर्मचा, म्हणजे चाक फिरवणारा मधला शाफ्ट नव्याने करून घ्यावा लागतो. तो ईएन-२४ पोलादाचा, दोन्ही टोकांना योग्य स्प्लाइन (जॉइंटमध्ये अडकणारे दाते) काढून हीट ट्रीटमेंट दिलेला असावा. उद्यमबागेत असे काम करणारे कारागीर आहेत. दोन जुने शाफ्ट कापून वेल्डिंगने जोडण्याची पद्धतही काही ठिकाणी चालते, आणि आपणांस इतरत्र मिळालेला स्वस्त दर बहुधा त्याच पद्धतीचा असावा. वळणावर जोर आला की असा शाफ्ट वेल्डिंगच्या कडेला तुटतो.

हे सर्व नीट करता येत असूनही आम्ही नाही म्हटले, कारण आपणांस ही गाडी रस्त्यावर चालवायची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळी ठरेल अशी गाडी करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला. त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलणे वेगळे आणि दुसऱ्या कंपनीचे, जास्त सीसीचे इंजिन बसवणे वेगळे. कलम १८२-अ अन्वये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यातच आपल्या गाडीचा नंबर अजून गोव्याचा आहे. तिकडची एन.ओ.सी. आणून ती केए-२२ मध्ये, म्हणजे बेळगावच्या आर.टी.ओ.त, नोंदवताना इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर आर.सी.शी ताडून पाहिला जाईल. त्या वेळी उत्तर आपणांस द्यावे लागेल, इंजिन बसवणाऱ्या गॅरेजला नव्हे. अपघात झाल्यास विमा कंपनीसमोरही तीच स्थिती. गाडी ट्रेलरवरून केवळ ट्रॅकवर नेणार असाल, तर एस्टीमच्या इंजिनाचे काम आम्ही आनंदाने घेऊ, हे तेव्हाही सांगितले होते.

तपासणीच्या पैशांत कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची चाचणी), फ्रेमची पाहणी आणि लेखी अहवाल यांचा समावेश होता आणि ती रक्कम गाडी स्वीकारतानाच सांगितली होती. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी होते. त्यात थोडे ऑइल सोडल्यावर ते वाढले, याचा अर्थ दोष व्हॉल्व्हचा नसून रिंगांचा आहे. असे इंजिन होनिंग करून (सिलिंडरची आतली बाजू घासून) आणि नव्या रिंगा टाकून पुन्हा उभे राहते. बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले भोक, मर्यादेबाहेर झिजला असेल तरच ओव्हरसाइज पिस्टनचा विचार करावा लागेल आणि ते हेड उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

काम आमच्याकडे दिल्यास तपासणीची रक्कम बिलातून वजा होईल. अहवाल घेऊन अन्यत्र काम करून घेण्यासही आमची हरकत नाही. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद आपल्या कागदपत्रांत आढळली नाही, तरी तो बदलेपर्यंत गाडी घाटातून नेऊ नये, ही विनंती.