आपोआप

रोज सकाळी संगणक सुरू झाला की मी चार गोष्टी उघडतो: ईमेल, दिनदर्शिका, टिपणवही आणि घरखर्चाच्या हिशेबाची फाइल. त्यात साधारण २० सेकंद जातात. वर्षातले ३०० दिवस संगणक लागतो असे धरले तर ६,००० सेकंद, म्हणजे तब्बल १०० मिनिटे मी नुसत्या टिचक्या मारण्यात घालवतो, असा शोध मला एका रविवारी दुपारी लागला. हा हिशेब मांडण्यात पाऊण तास गेला होता, पण तो मी खर्चात धरला नाही.

या चारही गोष्टी आपोआप उघडल्या पाहिजेत, असे ठरवून मी भाचीला फोन लावला. खरे तर मला हे यायला हवे होते. विंडोजच्या आधीच्या, नुसत्या टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या डॉसच्या काळात ऑटोएक्झेक नावाच्या फाइलमध्ये ओळी लिहून मी हेच काम करून घेत असे, आणि १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१मध्येही स्टार्टअप नावाचा एक गट होता, ज्यात ठेवलेले चिन्ह विंडोजबरोबर आपसूक जागे होई. भाची म्हणाली, "मामा, विंडोजची कळ आणि आर एकदम दाब, आलेल्या चौकटीत शेल, मग विसर्गासारखी दोन टिंबे आणि पुढे स्टार्टअप असे लिही. एक फोल्डर उघडेल. त्यात शॉर्टकट, म्हणजे मूळ वस्तूकडे बोट दाखवणारी चिन्हे, टाकलीस की झाले." मी दोन टिंबांऐवजी एक टिंब आणि खाली स्वल्पविराम दिला. या नावाचे काहीही सापडत नाही, नाव नीट लिहिले आहे का ते पाहा, असे संगणकाने अत्यंत सभ्य भाषेत सुनावले. चौथ्या खेपेला फोल्डर उघडला. तो रिकामा होता, आणि त्या रिकामेपणाने मला केवढा दिलासा दिला होता, हे आठवले की आजही स्वतःचीच कीव येते.

तिन्ही प्रोग्रॅमांचे शॉर्टकट मी त्यात रीतसर ठेवले. हिशेबाची फाइल मात्र माउसने धरली आणि सरळ ओढत नेऊन सोडली. एकाच ड्राइव्हवर फाइल अशी ओढली की तिची प्रत होत नाही, शॉर्टकटही होत नाही. ती स्वतःच बिऱ्हाड हलवते. माउसचे उजवे बटण दाबून ओढले असते, तर हलवायची, नक्कल करायची की शॉर्टकट करायचा, असे संगणकाने विचारले असते. पण मी डाव्या बटणाचा माणूस. परिणामी दुसऱ्या दिवसापासून फाइल रोज सकाळी माझ्यासमोर हजर होत असे, आणि हिशेबाच्या फोल्डरमध्ये मात्र ती शोधूनही सापडत नसे. समोर उघडी असलेली वस्तू हरवली आहे, अशी तक्रार कोणाकडे करावी, हे मला कळेना.

त्याच सकाळचा दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. चारही खिडक्या कोणत्या क्रमाने उघडतील याचा काही नेम नसतो. ज्याची तयारी आधी होईल तो पुढे येतो आणि टंकनाचा ताबा घेतो. ईमेलने पासवर्ड विचारला, मी नजर कीबोर्डवर ठेवून एका बोटाने तो टाइप करू लागलो, आणि पाचव्या अक्षराला टिपणवही उसळी मारून वर आली. मान वर केली तेव्हा पासवर्डचा पूर्वार्ध ईमेलच्या चौकटीत काळ्या ठिपक्यांच्या बुरख्याआड होता आणि उत्तरार्ध टिपणवहीच्या पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत, शीर्षक म्हणून विराजमान झाला होता. पत्नीने मागून येऊन तो मोठ्याने वाचला आणि हे कोणाचे नाव आहे, असे विचारले.

टिपणवही एक मिनिट उशिरा उघडली तर हा अनर्थ टळेल, हे उघड होते. त्यासाठी टास्क शेड्युलर नावाचे खाते आहे. तेथे लॉग-इन झाल्यावर अमुक वेळ थांबून अमुक प्रोग्रॅम सुरू कर, असे लेखी कळवता येते. मी तसे कळवले. सोमवारी टिपणवही बरोबर एका मिनिटाने उघडली. मंगळवारी उघडलीच नाही. बुधवारी उघडली, गुरुवारी आणि शुक्रवारी तिने दर्शन दिले नाही. माझा ग्रहताऱ्यांवर विश्वास नाही, तरी त्या आठवड्यात तो बसण्याच्या बेतात होता. अखेर त्या कामाच्या अटी वाचल्या, तेव्हा संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच हे काम सुरू करावे, या अटीपुढे बरोबरची खूण दिसली. ती मी केलेली नव्हती. ती मुळातच केलेली असते. लॅपटॉपला चार्जर लावलेला असे त्या दिवशी वही उघडे, नसे त्या दिवशी ती बॅटरीची काळजी घेत बसे. इतकी काटकसर माझ्या स्वतःच्या हिशेबाच्या फाइलीतही नाही.

एवढे झाल्यावरही संगणक सुरू व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ का लागतो, हे कोडे उरलेच होते. भाचीने टास्क मॅनेजरमधले, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधले, स्टार्टअपचे पान उघडायला सांगितले. हे पान तेथे २०१२च्या विंडोज ८पासून आहे आणि मी त्यात एकदाही डोकावलो नव्हतो. यादीत १९ नावे होती. माझी त्यात तीनच, कारण टिपणवही आता शेड्युलरच्या आश्रयाला गेली होती. उरलेल्या १६ जणांना मी कधी बोलावले होते, ते आठवेना. त्यांत दोन वर्षांपूर्वी देऊन टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस होता. प्रिंटर गेल्याचे त्याला कोणी कळवले नसावे. ही मंडळी माझ्या फोल्डरमधून आलेली नव्हती. प्रोग्रॅम बसवताना ते बहुधा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या, रन नावाच्या नोंदीत आपले नाव परस्पर घालून घेतात. अशी एक नोंद वापरकर्त्याची आणि दुसरी अख्ख्या संगणकाची असते. मी पुढच्या दाराशी पाहुण्यांची वाट पाहत उभा होतो आणि मागच्या दोन्ही दारांनी घर कधीच भरले होते. प्रत्येकापुढे त्याच्या परिणामाची नोंदही होती. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन घेणारा 'जास्त' परिणामाचा ठरतो. प्रिंटर नसलेल्या प्रिंटरचा मदतनीस 'जास्त' होता. निव्वळ रिकामटेकडेपणाला एवढे कष्ट पडतात, हे मला नवीन होते.

मग मी संतापाच्या भरात सोळाच्या सोळा बंद केले. त्या संध्याकाळी एका संस्थेला मराठीत पत्र लिहायला बसलो, तर 'महोदय' लिहिताना पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग उमटली. मराठी उमटवणारा प्रोग्रॅम त्याच सोळांपैकी एक होता. वर्षानुवर्षे तो न बोलावता येत होता, म्हणून तर मला तो कीबोर्डचाच गुण वाटत होता. त्याला तेवढे मी मानाने परत बोलावले.

हिशेबाच्या फाइलीचा पत्ता भाचीनेच शोधून दिला आणि ती मूळ जागी नेऊन ठेव, असे बजावले. पण गेल्या महिनाभरात न चुकता, न उशीर करता, चार्जर असो वा नसो, आपोआप उघडणारी माझ्याकडची ती एकच गोष्ट होती. तिला हात लावण्याचा धीर मला झाला नाही. मूळ फाइल अजूनही स्टार्टअपच्या फोल्डरमध्येच राहते. हिशेबाच्या फोल्डरमध्ये मी तिचा शॉर्टकट ठेवला आहे.