उड्डाणपुलाच्या खांबांवरची वारली

उड्डाणपुलाचे खांब किंवा शाळेची कुंपणभिंत वारली चित्रांनी रंगली की महाराष्ट्रात ठरलेला वाद पेटतो. आदिवासी कला लोकांपर्यंत पोचली, असं एक बाजू म्हणते. कलाकाराला ना नाव ना मोबदला, असं दुसरी. दुसरीचं म्हणणं रास्त आहे. भौगोलिक मानांकन मिळूनही स्टेन्सिलचे त्रिकोण थांबलेले नाहीत. पण टोकियोतून हे वाचताना वाटतं, एक प्रश्न कुणी विचारतच नाही. हे चित्र मुळात कुठल्या भिंतीचं?

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं वारली चित्र, घराच्या आत, अंधाऱ्या खोलीत लिहितात. कारवीच्या कुडाला शेणमातीचं लिंपण, वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी. लिंपण पाणी शोषतं म्हणून पीठ धरून राहतं. ऑइल पेंटवर तेच पीठ सुकलं की पापुद्रे सुटतात, मग ॲक्रिलिक येतं. शिवाय काळोखात उजळणारी ती बारीक रेघ भर उन्हात, साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून, दिसणार तरी किती?

इथल्या सुमिदा होकुसाई संग्रहालयात (२०१६, वास्तुरचनाकार काझुयो सेजिमा) होकुसाई या जपानी चित्रकाराची जगप्रसिद्ध लाट बाहेरच्या भिंतीवर कुठेही नाही. ॲल्युमिनियमचे फिके, चकाकते पत्रे, त्यांत त्रिकोणी चिरा, आणि त्या चिरांतून कुठल्याही बाजूने आत शिरता येतं. अर्थात जपान काही फार सोवळा नाही. गावोगावच्या मॅनहोलच्या झाकणांवरही स्थानिक चित्रं ओतलेली असतात.

इमारतीने चित्रातून घ्यायचा तो क्रम. जपानी चित्रगुंडाळी उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभर उलगडतात. पुढचा प्रसंग गुंडाळीतच असतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या, चित्रं दाखवत कथा गाणाऱ्या ठाकर चित्रकथींचंही तेच. पोथीतलं एक चित्र समोर धरायचं, गायचं, मग पुढचं. तीस मीटरच्या सरळ ओसरीत पन्नास चित्रं लावली की पोथी एका नजरेत संपते. त्याऐवजी दर सहा-सात मीटरवर वळण द्यावं, वळणाशी एकाच बाजूने उजेड आणि ४५ सेंटीमीटर उंचीचा बसायचा कट्टा. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, मुलांसाठी त्याहून खाली. हे संग्रहालयात, वाचनालयात चालतं. रुग्णालयात नाही: तिथे स्ट्रेचर अडकतं आणि आग लागली तर आंधळं वळण जीवावर बेततं.

तारपा या फुंकवाद्यावरच्या वारली नाचाचंही असंच. फेर गोल म्हणून इमारत गोल, ही नेहमीची चूक. मग विटा तोडाव्या लागतात, कपाटामागे फटी उरतात आणि खर्च वाढतो. त्या नाचात महत्त्वाचं हे की नाचणारे तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत. गावच्या शाळेत याचा अर्थ चौकोनी अंगण आणि सगळ्या वर्गांची दारं अंगणाकडे. अंगण नऊ मीटरचं, भोवती किमान सव्वादोन मीटर पडवी, छप्पर पडवीच्याही पुढे पाऊण मीटर. कोकणात अंगण पडवीपेक्षा १५ सेंटीमीटर खाली ठेवावं, दर मीटरला एक सेंटीमीटर उतार द्यावा आणि पाण्याला दोन वाटा ठेवाव्यात. एकच ठेवली की पहिल्याच मोठ्या पावसात ती पाल्याने तुंबते आणि पाणी वर्गात शिरतं.

आणि भिंतीवर चित्र हवंच असेल, तर आतली एकच भिंत मातीची करावी. खालच्या थरात भुसा मिसळलेली माती, साधारण १५ मिलिमीटर. तो पूर्ण वाळून तडे गेले की मगच वरचा पातळ थर. घाई केली तर खालच्या भेगा वर उमटतात. मातीवर सिमेंटचा गिलावा तर नकोच; ओल आत कोंडते आणि गिलावा पोपडा होऊन सुटतो. चौक हा एका लग्नापुरता, नंतर तो लिंपणाखाली जातो. म्हणून निविदेत दरवर्षीच्या लिंपणाची आणि लिहिणाऱ्या बायकांच्या मजुरीची वेगळी ओळ हवी. नसली, तर दोनेक वर्षांत त्या भिंतीवर कुणीतरी डिस्टेंपर मारणार.