बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे कणा गेला? त्या फॉरवर्डला उत्तर

गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा, सगळीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: एचएलए-बी२७ हा रक्तातला दोष आहे, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मणके चिकटून पाठ बांबूसारखी होणारच, हा दोष भात आणि पावावर पोसणाऱ्या आतड्यातल्या जंतूमुळे चिघळतो म्हणून दोन्ही बंद करा, डॉक्टरांची इंजेक्शनं इम्युनिटी मारतात त्यापेक्षा काढे पिऊन इम्युनिटी वाढवा, घरातल्या सगळ्यांची टेस्ट करा आणि पॉझिटिव्ह घरात सोयरीक करू नका. मी बायोलॉजी शिकवतो, आणि ओळखीतल्या एका मुलीचं जमत आलेलं लग्न याच टेस्टच्या रिपोर्टवरून अडलंय, त्यामुळे हे नुसतं वाचून सोडून देणं मला जमत नाही. एकेक मुद्दा घेतो.

आधी तो "रक्तातला दोष". एचएलए-बी नावाचं प्रोटीन तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं. त्याला वरच्या बाजूला एक खाच असते, पेशीच्या आत जी प्रोटीनं तुटतात त्यांचे छोटे तुकडे त्या खाचेत बसून बाहेर येतात आणि टी-सेल्स (शरीराच्या संरक्षक पेशी) ते तपासतात, तुकडा व्हायरसचा वाटला की ती पेशी मारतात. जीन सहाव्या क्रोमोसोमवर, एक आईकडून आणि एक बाबांकडून. याचे माणसांमध्ये हजारो प्रकार आहेत आणि बी२७ त्यातला एक, बस. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ दोसे यांनी १९५८ साली या एचएलए कुटुंबातलं पहिलं प्रोटीन ओळखलं, पुढे १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि किडनी किंवा बोनमॅरो देताना जे "मॅचिंग" बघतात ते याच कुटुंबाचं. उलट बी२७ असलेल्यांमध्ये एचआयव्ही सरासरीपेक्षा हळू वाढतो आणि हेपटायटिस सी चा व्हायरस शरीरातून आपोआप जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हे चांगलं अभ्यासलेलं आहे. याला दोष कसा म्हणायचं?

आता "होणारच" वाला मुद्दा, सगळ्यात जास्त भीती यानेच पसरते. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या दोन टीम्सना स्वतंत्रपणे दिसलं की अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या (मणक्यांना सूज येऊन ते चिकटत जाण्याच्या, मेसेजमधल्या त्याच आजाराच्या) पेशंटपैकी खूपच जास्त लोक बी२७ वाले असतात, युरोपियन पेशंटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास. हे खरंच आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने हाच आकडा उलटा फिरवलाय. पेशंटपैकी ९० टक्के बी२७ वाले, याचा अर्थ बी२७ वाल्यांपैकी ९० टक्के पेशंट असा होत नाही! युरोपात साधारण ८ टक्के लोकांकडे बी२७ असतो आणि त्यातल्या १०० जणांपैकी १ ते ५ जणांनाच हा आजार होतो, अभ्यासागणिक आकडा थोडा वरखाली. सख्ख्या भावाला किंवा आईबाबांना आजार असेल आणि स्वतः पॉझिटिव्ह असाल तर धोका वाढतो, दहातल्या एकदोघांपर्यंत जातो. तरीही आठ-नऊ जण ठणठणीतच राहतात. आणि एकसारख्या जुळ्यांमध्ये, जिथे सगळेच जीन्स सारखे, तिथेसुद्धा एकाला आजार असला तर दुसऱ्याला तो साधारण तीनपैकी दोन जोड्यांतच दिसतो.

शिवाय "बी२७" हे एकच नाही, आणि मला वाटतं लोकांपर्यंत हीच गोष्ट पोचत नाही. बी२७:०५ हा जगभर सापडणारा, आजाराशी घट्ट जोडलेला प्रकार, आणि बी२७:०९ हा इटलीच्या सार्डिनिया बेटावर सापडणारा, ज्यात आजार फार क्वचित दिसतो. या दोन प्रोटीन्समध्ये तीनशेहून जास्त अमिनो ॲसिड्सपैकी (प्रोटीनच्या माळेतले मणी) फरक फक्त एकाचा, ११६ व्या जागेवर एकात ॲस्पार्टिक ॲसिड आणि दुसऱ्यात हिस्टिडिन. ती जागा बरोबर खाचेच्या तळाशी येते, त्यामुळे कुठला तुकडा नीट बसणार आणि कुठला नाही हे बदलतं. तसंच आशियातला बी२७:०४ आजाराशी जोडलेला, आणि थायलंड-इंडोनेशियाकडचा बी२७:०६ त्याच्यापेक्षा ११४ आणि ११६ या दोनच जागी वेगळा, तर त्याचा संबंध जवळपास दिसतच नाही. साध्या लॅब रिपोर्टवर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच छापून येतं, त्यात हा फरक दिसत नाही. त्यात पुन्हा ईआरएपी१ नावाचं एन्झाइम आहे, ते तुकडे खाचेत बसण्याआधी कापून मापात आणतं, त्याचे प्रकारही माणसागणिक वेगळे आणि त्याचा परिणाम मुख्यतः बी२७ वाल्यांमध्ये दिसतो. एवढं सगळं एका शब्दाच्या रिपोर्टवरून कसं कळणार?

भात आणि पावाचं प्रकरण हवेतून आलेलं नाही, म्हणून ते खोटं म्हणून झटकून टाकत नाही. १९८७ मध्ये असं दाखवलं गेलं होतं की क्लेब्सिएला जंतूच्या एका प्रोटीनमधली सलग सहा अमिनो ॲसिड्स बी२७ मधल्या सहांशी जुळतात, त्यावरून अंदाज असा की शरीर जंतूवर हल्ला करताना चुकून स्वतःवर करतं, आणि मग लंडनमधून स्टार्च कमी खायचा सल्ला निघाला. पण बघा, ती सहा अक्षरं, म्हणजे अमिनो ॲसिड्स, ७२ ते ७७ या जागांवर आहेत. आजार क्वचितच करणाऱ्या २७:०९ मध्ये ती सहाच्या सहा तशीच आहेत! आणि आजार करणाऱ्या २७:०४ मध्ये ७७ वं अक्षर वेगळं आहे, म्हणजे जुळणी मोडते तरी आजार होतो. नुसती ही जुळणी कारण असती तर उलट दिसायला हवं होतं. आतड्यातल्या जंतूंचा काहीतरी हात आहे हे नक्की वाटतं, माणसाचा बी२७ घातलेले उंदीर पूर्ण जंतुविरहित वाढवले तर त्यांना सांध्यांचा आणि आतड्याचा आजार होत नाही असं १९९४ मध्ये दिसलंय, पण तिथपासून "शीतकडी (आमचा भात-कढी) बंद" इथपर्यंत यायला जो पुरावा लागतो तो नाही. भाताची पेज प्या, पोई (आमचा पाव) खा. उगाच सगळं सोडून वजन उतरवून बसलेल्या पेशंटला त्याचा त्रासच होतो.

मेसेजमध्ये एक ओळ "निगेटिव्ह असाल तर निश्चिंत राहा" अशीही आहे. नाही. निगेटिव्ह लोकांनाही हा आजार होतो. चाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, सकाळी अर्धा तास पाठ आखडलेली, पहाटे दुखण्याने जाग येते, आराम केल्याने वाढते आणि चालल्या-फिरल्याने कमी होते, किंवा डोळा लाल होऊन उजेड सहन होत नाही, असं असेल तर रिपोर्ट काहीही असो, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांधेविकारांच्या डॉक्टरकडे) जा. बायकांनाही होतो, आणि "पुरुषांचा आजार" म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं.

इंजेक्शनांबद्दल: टीएनएफ किंवा आयएल-१७ (शरीरात सूज वाढवणारे सिग्नल) अडवणारी औषधं सगळी इम्युनिटी बंद करत नाहीत, एक ठरावीक सिग्नल दाबतात. धोका आहे, विशेषतः आपल्याकडे दबलेला टीबी वर येण्याचा, म्हणूनच सुरू करण्याआधी टीबी आणि हेपटायटिस बी तपासतात. ती प्रत्येकाला लागतही नाहीत, आधी साध्या सूज कमी करणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम. पण चालू असलेलं औषध मेसेज वाचून बंद करू नका, प्लीज. आणि "इम्युनिटी वाढवा" हे या आजारात मुळातच उलटं आहे, इथे इम्युनिटी कमी पडलेली नाही, चुकीच्या ठिकाणी काम करतेय. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांत लिव्हरची ऑटोइम्यूनसारखी सूज नोंदवली होती, तेही लक्षात असू द्या.

काही त्रास नसलेल्या अख्ख्या घराची टेस्ट करून काही हाती लागत नाही, फक्त घाबरलेलं घर.

राहिली सोयरीक. ज्या मुलीचं मी वर म्हटलं तिला स्वतःला आजार नाही, नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. मुलाकडच्यांनी हा हिशोब करावा: तिच्या होणाऱ्या प्रत्येक बाळाकडे जीन जाण्याची शक्यता सहसा निम्मी, गेला तरी आजार होण्याची शक्यता शंभरात एक ते पाच, म्हणजे एकूण शंभरात एकदोन मुलं. आणि तिला आजार असताच, तरी मुलांमध्ये तो दहा टक्क्यांच्या आतच राहिला असता, आणि तोही वेळेत ओळखला तर आज औषधाने आटोक्यात राहणारा.