एमपीएससीची तयारी सुरू करण्यापूर्वी थांबण्याची तारीख ठरवा

महसूल खात्यात बरीच वर्षे काम करत असल्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागा कुठे मिळेल, अभ्यासिका कोणती चांगली, क्लास कोणता लावावा, याची चौकशी त्यांनी केलेली असते. मात्र या तयारीला किती वर्षे द्यायची आणि निवड झाली नाही तर पुढे काय करायचे, याबद्दल घरात चकार शब्द निघालेला नसतो. माझे मत स्पष्ट आहे: थांबण्याची तारीख ठरल्याशिवाय ही तयारी सुरू करू नये.

ही तारीख आपणच ठरवायची, कारण परीक्षा ती ठरवून देत नाही. यूपीएससीला खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वयाच्या 32 वर्षांपर्यंत 6 वेळाच बसता येते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची कमाल वयोमर्यादा मात्र खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे आहे. दोन-चार गुणांनी यादीबाहेर राहिलेल्या मुलाला ‘पुढच्या वेळी नक्की’ असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि अर्ज भरण्याची वाट खुली असल्याने तो पुन्हा बसतो. दरम्यान अभियांत्रिकीची किंवा कृषीची पदवी जुनी होत जाते आणि खासगी नोकरीच्या मुलाखतीत मधल्या वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत कष्टाळू मुलेही मोठ्या संख्येने बाहेर राहणारच, त्यामुळे निवड न होण्याला आळस किंवा नालायकी समजणे हा मुलांवर उघड अन्याय आहे.

2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून लेखी 1750 आणि मुलाखतीचे 275 गुण आहेत. उत्तरे लिहिण्याचा हात बसायला वेळ लागतो, म्हणून एका वर्षाचा बेत मला अपुरा वाटतो. पदवीनंतर तीन वर्षे द्यावीत. त्या अवधीत एकदाही मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचता आले नाही, तर पूर्णवेळ तयारी थांबवावी. नोकरी सांभाळून पुढे अर्ज भरायला कोणाचीच हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्या पदासाठी हा खटाटोप, त्याचे रोजचे काम डोळ्यांनी पाहावे. आमच्याकडे नायब तहसीलदारासमोर वादग्रस्त फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या नोंदीतील बदलाची, सुनावणी चालते, तेव्हा बांधावरून वर्षानुवर्षे भांडणारे दोन सख्खे भाऊ आपापली कागदपत्रे घेऊन उभे असतात आणि त्या दोघांचेही शांतपणे ऐकून घ्यावे लागते. गारपीट झाली की पंचनामे, निवडणूक आली की सुट्ट्या रद्द. मला या कामात मनापासून समाधान मिळाले आहे. पण केवळ गाडी आणि मान पाहून आलेला माणूस इथे घुसमटतो.

खर्चाचेही आधीच मोकळेपणाने बोलावे. सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य शासनाच्या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या योजना आहेत, काहींत विद्यावेतनही मिळते; शेत गहाण ठेवण्याआधी पात्रता तपासून तिथे अर्ज करावा. घरात या विषयाला तोंड फोडण्याचे काम आई-वडिलांनी करावे, कारण ‘आता थांबतो’ हे स्वतःहून म्हणणे त्या मुलाला फार जड जाते.