गाडी पाणी का पिते, ते आधी बघू द्या

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात नोटीस पडली: आवारात कुठल्याही गाडीची दुरुस्ती करायची नाही आणि मेकॅनिकला गेटच्या आत सोडायचं नाही. झालं असं होतं की बी विंगखाली कोणीतरी रेडिएटर रिकामा केला आणि ते हिरवं पाणी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कुलंट, उतारावरून वाहत पावसाळी गटारात गेलं. संध्याकाळी तिथे पोरं सायकली चालवतात, मांजरं फिरतात. लोक चिडले, आणि ते चिडणं बरोबरच होतं. पण दोन दिवसांत चर्चा भलतीकडे गेली. एक काका म्हणाले, ‘परदेशात असलं चालतं का?’ त्यावर दुसऱ्यांनी लिहिलं, ‘परदेशात तर सगळे आपापली गाडी घरीच उघडतात.’ साक्षीला दोघांनीही परदेशच आणला. मी तेरा वर्षं अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला राहते. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे.

इकडे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात माझी जुनी गाडी अशीच बिघडली. हीटर लावला की गार हवा यायची आणि त्याच वेळी तापमानाचा काटा वर चढायचा. इंजिनात कुलंट कमी पडलं की हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गॅरेजने वॉटर पंप बदलायला सांगून सहाशे डॉलरचा अंदाज दिला. इथे गॅरेजची तासाची मजुरीच शंभर डॉलरच्या वर जाते. शेजारी एक निवृत्त आजोबा होते. ते म्हणाले, आधी गळती कुठे आहे ते तरी बघू. सुट्या भागांच्या दुकानातून त्यांनी प्रेशर टेस्टर आणला. अनामत ठेवायची, काम झालं की अवजार परत करायचं आणि पूर्ण पैसे परत घ्यायचे, अशी इथे सोय असते. गार इंजिनावर रेडिएटरच्या टोपीच्या जागी तो बसवला, टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. टेस्टरचा काटा हळूहळू उतरत होता, म्हणजे दाब कुठूनतरी निसटत होता. खालच्या होज पाइपच्या तोंडाशी एक थेंब जमला, लांबला आणि पडला. पंप ठणठणीत होता. एक पाइप आणि दोन क्लिपा, एवढ्यात काम झालं.

पण हे काम माझ्या पार्किंगमध्ये झालं नाही. माझ्या अपार्टमेंटच्या भाडेकरारातच गाडीची दुरुस्ती आवारात करायची नाही असं कलम होतं, म्हणून गाडी आजोबांच्या घरी न्यावी लागली. काढलेलं कुलंट झाकणाच्या डब्यात भरून आम्ही घातक घरगुती कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलो. म्हणजे बंदी इथेही आहे. फरक एवढाच की बंदीसोबत अवजार कुठे मिळेल आणि घाण कुठे टाकायची, याची उत्तरंही आहेत.

आता ठाण्याचं. डिसेंबरमध्ये घरी आले होते. गायमुखच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि बाबांच्या गाडीचा काटा चढायला लागला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘अगं, ही पाणी पिते. दर रविवारी बाटली भरतो मी.’ मला धडकी भरली. इंजिन पाणी पीत नसतं. कुलंटची व्यवस्था बंदिस्त असते, म्हणून पातळी सतत खाली जात असेल तर ते एकतर बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनच्या आत जाऊन जळतंय. त्यातही गाडी जॅममध्ये उभी असताना समोरून वारा मिळत नाही, रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर असते. घोडबंदरवर उभं राहण्याची वेळ तर रोजच येते.

त्या रात्री गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर पुढच्या बाजूला रुपयाएवढा हिरवट डाग होता. एसीचं पाणीही गाडीखाली ठिबकतं, पण त्याला रंग नसतो, वास नसतो, चिकटपणा नसतो. हा डाग बोटांना किंचित तेलकट लागत होता. गार इंजिनवर बॉनेट उघडलं, टॉर्च लावला. रेडिएटरवर वरचा जाड पाइप जिथे बसतो, तिथे क्लिपेच्या खालून पांढरी-हिरवी खपली धरली होती. नळाच्या तोटीवर क्षार साचतो, अगदी तशी. गळणारं कुलंट गरम पाइपवर वाळून जातं आणि मागे ही खपली राहते, म्हणून पुष्कळदा जमिनीवर थेंबही दिसत नाही. पाइप दाबून पाहिला तर मधे ठीक होता, तोंडाशी मात्र फुगून मऊ पडलेला आणि कडेला बारीक चिरा. ऑइलची टोपी उघडून आत दुधासारखा फेस नाही ना, हेही पाहिलं. इंजिन सुरू करून कुलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात का, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूर येतो का, ते पाहिलं. यातलं काहीच नव्हतं, म्हणजे हेड गॅसकेट, इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेल्याची खूण तरी दिसत नव्हती. बाबांना दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजने अख्खा रेडिएटर बदलायला सांगितलं होतं.

बाबांचे जुने मिस्त्री कापूरबावडीहून स्कूटरवर आले. त्यांनी खपलीवर नुसता अंगठा फिरवला आणि ‘पाइप आणि क्लिप, बस’ एवढंच म्हणाले. मला पुठ्ठा, टॉर्च आणि रात्रभर थांबणं लागलं होतं. त्यांनी अंगठ्याने ओळखलं. खाली पसरट घमेलं ठेवून त्यांनी पाइप काढला, ढिली पडलेली स्प्रिंगची क्लिप फेकून स्क्रूची बसवली. घमेल्यात पडलेलं पाणी पाहून मात्र वाईट वाटलं. हिरवं नावापुरतं, बाकी गंजाचा तपकिरी रंग. बाबांनी दर रविवारी जे भरलं ते सोसायटीच्या टँकरचं पाणी होतं.

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे: बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला, पाणी चालतं. कोलंबसला तापमान शून्याखाली पंधरा-वीस अंश जातं, तिथे कुलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरंच. निम्मं कुलंट आणि निम्मं शुद्ध पाणी अशा मिश्रणाला गोठायला उणे ३७ अंशांच्या आसपासची थंडी लागते. पण ठाण्यात त्याची दुसरी कामं जास्त महत्त्वाची आहेत. ते गंज रोखतं, आतलं ॲल्युमिनियम खाऊ देत नाही आणि पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. रेडिएटरची टोपी कुकरच्या शिट्टीसारखी असते. साधारण एक बार दाब ती धरून ठेवते, म्हणून हे मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. गळती झाली की दाब धरत नाही आणि हे सगळं गणित कोसळतं. गरम इंजिनाची टोपी उघडू नये तेही यासाठीच. कुकर वाफेवर असताना झाकण ओढण्यासारखंच आहे ते, आणि चेहरा भाजतो तो कायमचा. बोअरवेलच्या जड पाण्यातला क्षार तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आणा, कुलंट गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेच घ्या.

मिस्त्रींनी पाण्याने आतली घाण धुऊन नवं मिश्रण भरलं आणि टोपी उघडी ठेवून इंजिन चालू केलं. हीटर पूर्ण गरमवर. वरचा पाइप हाताने दाबत राहिले. बुडबुडे येत गेले, पातळी खाली जात गेली, ते भरत गेले. रेडिएटरचा पंखा फिरून बंद पडेपर्यंत वीसेक मिनिटं ते तिथून हलले नाहीत. आत अडकलेली हवा काढल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मला ती द्यायला संकोच वाटला.

माझा मुद्दा इथेच आहे. परदेशात मजुरी महाग, म्हणून लोक गाडीत डोकं घालायला शिकतात. ठाण्यात फोन केला की माणूस दारात येतो, म्हणून आपण बॉनेटही उघडत नाही, आणि मग कोणी पंप सांगो की रेडिएटर, मान डोलावतो. मला आपल्या लोकांनी स्वतः पाना हातात घ्यावा असं नाही वाटत. मिस्त्रींची रोजी त्यावर आहे आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पण गळती कुठे आहे हे मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असावं. आणि ते बघायला जागा लागते. कमिटीची नोटीस नेमकी तीच काढून घेते.

वॉरंटीचं कारणही ग्रुपवर आलं: बाहेरच्याने हात लावला की वॉरंटी गेली. अमेरिकेत कंपनीला असं सरसकट म्हणता येत नाही, तसा कायदाच १९७५चा आहे. पण आपल्याकडेही हा विषय नवा नाही. सुटे भाग आणि तपासणीची अवजारं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. म्हणजे दिल्लीत दुरुस्तीचा हक्क मान्य होत असताना आमच्या गेटवर वॉचमन मिस्त्रींना परत पाठवतो आहे.

कमिटीची काळजी मी हलकी मानत नाही. कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, मांजर-कुत्री चाटतात. पोटात गेलं की शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलालाही तोच धोका आहे. ते गटारात सोडणं गुन्ह्यासारखंच आहे, आणि ज्याने सोडलं त्याला दंड व्हायलाच हवा. पण गेट बंद केल्याने दुरुस्ती थांबणार नाही, ती सर्व्हिस रोडवर जाईल. तिथे मिस्त्री रहदारीच्या कडेला, जॅकवर चढवलेल्या गाडीखाली झोपून काम करतील आणि कुलंट रस्त्याकडेच्या गटारात जाईल. आमच्या डोळ्यांसमोरून तेवढं हटेल.

म्हणून बाबांनी आणि मी मिळून कमिटीला पत्र लिहिलं आहे. पंपहाउसच्या मागे फरशीची जागा आहे, सध्या तिथे जुने कमोड आणि मोडके पंखे पडलेत. ती रिकामी करा. रविवारी सकाळी आठ ते बारा, एका वेळी एकच गाडी, वॉचमनकडे नोंद करून. गाडीखाली मोठा ट्रे सक्तीचा. काढलेलं कुलंट झाकणाच्या डब्यात भरून ते स्वीकारणाऱ्या वर्कशॉपला देऊन यायचं, थेंब सांडला तर मालकाला दंड. ट्रेचे आणि प्रेशर टेस्टरचे पैसे मी पाठवते, टेस्टर सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, ज्याला हवा त्याने सही करून न्यावा. सेक्रेटरींनी पत्र पुढच्या मीटिंगला ठेवतो म्हटलंय. दादा म्हणतो, कमोड हलवायलाच सहा महिने लागतील. बाबांनी भंगारवाल्याला फोन केलाय.