एसी ट्रिप होतो तो ताज्या हवेमुळे नाही, भाऊ

भाऊ, एसी दुकानात बाहेरची ताजी हवा घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा ४६ वर असताना बाहेरची हवा दुकानात घ्या म्हणणं हा विदर्भाचं ऊन न पाहिलेल्या माणसाचा सल्ला आहे. तुमच्या १५०० चौरस फुटांच्या कापड दुकानात साडेपाच टनांचे दोन डक्टेबल (पत्र्याच्या नळीतून हवा सोडणारे) एसी आहेत. ताज्या हवेचं तोंड थर्माकोलने बुजवलं, तरी दुपारी दोन ते पाच एक युनिट ट्रिप होतंच, म्हणजे आपोआप बंद पडतं.

तोंड बुजवूनही ट्रिप होतंय, म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे. पण आधी ताज्या हवेचा हिशेब मांडतो, कारण मूळ लेखात तो अर्धवट राहिला होता आणि त्याबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे.

दुकानासाठीचं प्रचलित प्रमाण माणशी साडेसात सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) आणि चौरस फुटाला ०.१२ सीएफएम असं आहे. चाळीस माणसं धरली तर ३०० अधिक १८०, म्हणजे ४८० सीएफएम. बाहेर ४५ अंश आणि आत २६ ठेवायचे असतील, तर एवढी हवा थंड करायला एसीची साधारण १.३ टन ताकद लागते. तुमच्या अकरा टनांपैकी हा आठवा हिस्सा. मेमधली आपली हवा कोरडी असते. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना किलोभर हवेत नऊ-साडेनऊ ग्रॅम बाष्प असतं, आतल्या हवेत त्याहून जास्त. म्हणजे बाहेरची हवा फक्त तापलेली येते, ओल आणत नाही.

आता जुलै बघा. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. पारा तेरा अंशांनी उतरला, पण किलोभर हवेत तेवीस-चोवीस ग्रॅम बाष्प. ते गाळून पाणी करायला एसीची ताकद जाते, आणि त्याच ४८० सीएफएमला २.७ टन लागतात, मेच्या दुप्पट. म्हणून तोंड आवरतं घ्यायचंच असेल तर पावसाळ्यात घ्या. लोक बरोबर उलटं करतात.

पूर्ण मात्र कधीच बुजवू नका. अकरा फूट उंचीच्या बंद दुकानात चाळीस माणसं तासभर थांबली, तर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४२०) दोन हजारांच्या आसपास जातो. लग्नसराईत संध्याकाळी गिऱ्हाइकाचं डोकं जड होतं आणि बस्ता अर्ध्यावर सोडून ते बाहेर पडतं, त्यात या हवेचाही वाटा असतो. नव्या कापडाचा डोळ्यांत चुरचुरणारा वास साचतो तो वेगळाच. दुपारी दुकानात तिघं-चौघं असताना डँपर (तोंडावरची हवा कमी-जास्त करणारी झडप) अर्ध्याच्या खाली आणा, गर्दी वाढली की पूर्ण उघडा. दहा बाय बारा इंचाचं तोंड या हवेला पुरतं. ते जनरेटरच्या धुराकडे नको, आणि आतली फिल्टर जाळी पंधरा दिवसांनी धुवा.

आता ट्रिपकडे येऊ. आर-४१०ए गॅसच्या युनिटात बाहेरच्या कॉइलमधला गॅस हवेपेक्षा बारा-पंधरा अंश जास्त तापमानाला द्रव होतो. ४६ अंशाच्या हवेत म्हणजे साठच्या आसपास, तेव्हा दाब ५४० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). दाब फार वाढला की युनिट बंद करणारा हाय प्रेशर स्विच बहुतेक युनिटात सहाशेच्या पुढे-मागे तोडतो, म्हणजे गॅस ६५ अंशांवर गेला की. हाती उरतात जेमतेम पाच अंश. ते कुठे जातात, तेवढंच शोधायचं.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही आउटडोअर युनिटं स्लॅबवर समोरासमोर आहेत, वर टिनाचं शेड आणि बाजूने हिरवी जाळी. भाऊ, हेच दुखणं आहे. एकाने फेकलेली गरम हवा दुसरं ओढतं. दुपारी तीन वाजता एक थर्मामीटर कॉइलच्या हवा ओढणाऱ्या बाजूला धरा, दुसरा दूर सावलीत. फरक तीन-चार अंशांहून जास्त आला तर युनिट स्वतःचीच हवा परत पितंय. जाळी काढा. शेड हवं असेल तर सहा-सात फूट वर आणि चारी बाजूंनी मोकळं. एक युनिट फिरवून दोघांची तोंडं वेगळ्या दिशांना करा, ओढणाऱ्या बाजूला तीन फूट मोकळे सोडा.

दुसरं कारण रुई. जिनिंग शेजारी आहे म्हणता, तर हंगामभर उडालेला कापूस कॉइलच्या फटींत बसतो आणि धुळीसोबत त्याची गादी होते. वरून दिसत नाही. झाकण काढून आतून बॅटरीचा उजेड टाका, पलीकडून दिसायला हवा. मेन स्विच बंद करून आधी मऊ ब्रश फिनच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) रेषेत उभा फिरवा, मग साध्या नळीने आतून बाहेर पाणी सोडा. बाहेरून मारलं तर रुई आणखी आत दबते. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने फिन आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. हे काम मार्चच्या शेवटी एकदा, मेच्या मध्याला पुन्हा.

मेकॅनिकने कॉइलवर बोअरच्या पाण्याचे फवारे लावायला सांगितलंय, ते करू नका. चार दिवस ट्रिप थांबेल, पण जड पाण्याचा पांढरा थर फिनवर चढला की पुढच्या उन्हाळ्यात आजच्याहून वाईट हाल होतील.

शेवटचं व्होल्टेज. दोन्ही युनिटं चालू असताना तिन्ही फेजमधलं मोजा, सकाळी नाही, दुपारी. ४१५ च्या जागी ३६० मिळत असेल, किंवा फेज-फेजमधला फरक दोन टक्क्यांपुढे असेल, तर कॉम्प्रेसर जादा करंट ओढून तापतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. ती ट्रिप वेगळी. पॅनेलवर कोणता रिले (युनिट बंद पाडणारा सुरक्षा स्विच) पडला ते मेकॅनिकला आधी बघायला लावा, मगच गॅस भरू द्या. गॅस जास्त भरला तर दाब उलट वाढतो.

दोन थर्मामीटरचे आकडे, तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि पडलेल्या रिलेचं नाव इथेच खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.